परक्या वर्गात : चीनमधील दोन विदेशी अध्यापक

परदेशात जाऊन शिकविणे म्हणजे मोठा पगार, विमानप्रवास आणि मायदेशी परतल्यावर सांगावयाच्या गमती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. १९७८ नंतर चीनने आपली दारे उघडली आणि इंग्रजी शिकविण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेतील हजारो तरुण तेथे जाऊ लागले. तेव्हापासून तर ही समजूत अधिकच पक्की झाली. परंतु ज्या काळात चीनमध्ये अध्यापन करणे म्हणजे बाँबवर्षावाखाली वर्ग घेणे होते, त्या काळातील दोन अध्यापकांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. एक इंग्रज, इंग्रजी साहित्याचा अध्यापक. दुसरा आपल्या सोलापूरचा, शस्त्रक्रियाशास्त्राचा अध्यापक. दोघेही जवळजवळ एकाच सुमारास चीनमध्ये गेले. दोघांची गाठ पडल्याचे कोठे नमूद नाही, आणि पडण्याचे कारणही नव्हते. कारण एक दक्षिणेकडे सरकत होता, तर दुसरा उत्तरेकडे.

इंग्रजी विषय घेतलेल्या आपल्या मित्रांना विल्यम एम्पसन हे नाव ठाऊक असेल. काव्यातील संदिग्धतेच्या सात प्रकारांवरील त्यांचा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. पुढे जपानमध्ये काही वर्षे शिकवून १९३७ मध्ये ते पेकिंगला नोकरीसाठी आले. नेमके त्याच जुलैमध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. पेकिंग, त्सिंगह्वा व नानकाई या तीन विद्यापीठांनी आपापली गावे सोडली आणि एकत्र येऊन ती चांग्शा येथे गेली. साहित्य शाखेला जागा मिळाली ती नानयुए नावाच्या पवित्र डोंगरावर. पुस्तके मागेच राहिली होती. ग्रंथालय नाही, प्रती नाहीत, अशा स्थितीत एम्पसन यांनी इंग्रजी कविता आपल्या आठवणीतून लिहून काढल्या आणि त्यांवर वर्ग चालविले. आम्हांस परीक्षेत चार ओळी आठवत नाहीत, हे येथे सांगण्याची गरज नाही! १९३८ साली हे विद्यापीठ आणखी दूर, युनान प्रांतातील कुनमिंगला हलले. त्या वेळी काही शिक्षक आणि दोन-अडीचशेहून अधिक विद्यार्थी सोळाशे किलोमीटरच्या वर अंतर बरेचसे पायी चालत गेले. १९३९ मध्ये एम्पसन यांनी चीन सोडला, आणि १९४७ ते १९५२ या काळात त्यांनी पेकिंगला पुन्हा अध्यापन केले. त्यांच्या हाताखालून गेलेले काही विद्यार्थी पुढे चीनमधील इंग्रजीचे नामवंत प्राध्यापक व कवी झाले.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. इतकी वर्षे राहूनही एम्पसन यांना चिनी भाषा फारशी आली नाही. तशी गरजही पडली नाही, कारण त्यांचे विद्यार्थी इंग्रजी जाणणारे, निवडक, शहरी होते. आपली भाषा घेऊन येणारा शिक्षक आणि ती आत्मसात करण्यास उत्सुक असलेला वर्ग असे ते नाते होते. त्यात कमीपणा काही नाही. पण अशा ठिकाणी वर्गातील अंतर चालून जाण्याचे काम विद्यार्थ्याकडेच येते.

आता दुसऱ्या अध्यापकाकडे वळू. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. चिनी सेनानी जू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये त्यासाठी देशाला आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल. सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सर्वांत तरुणांपैकी एक कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. जायचे होते ते साधारण वर्षभरासाठी. चुंगकिंग येथे असताना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली, तरीही कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पथकातील इतर यथावकाश मायदेशी आले, कोटणीस मात्र आले नाहीत.

डॉ. कोटणिसांची कथा आपण शाळेत वाचतो ती त्यागी डॉक्टरची. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटानेही तीच मनावर ठसविली. ती खरीच आहे. परंतु त्यांच्यातील शिक्षकाकडे आपले लक्ष जात नाही, अशी माझी तक्रार आहे. जानेवारी १९४१ मध्ये ते उत्तर चीनमधील बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले आणि तेथील वैद्यकीय विद्यालयात शिकवूही लागले. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला होते ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये जखमेच्या संसर्गाने वारले होते. बेथून दुभाष्याच्या मदतीने शिकवीत असत. कोटणिसांनाही तसे करता आले असते. इंग्रजी त्यांना उत्तम येत होते, आणि दुभाषा मागितला असता तर कोणी नावे ठेवली नसती.

त्यांनी चिनी भाषा शिकली. ही भाषा म्हणजे काय प्रकरण आहे, ते थोडे पाहू. 'मा' हा एकच उच्चार चार वेगवेगळ्या सुरांत केला की अनुक्रमे आई, ताग, घोडा आणि शिव्या देणे असे चार अर्थ होतात. सूर चुकला तर आईचा घोडा होतो! शिवाय लिपी अक्षरांची नाही, हजारो चिन्हांची. मात्र मराठी माणसाला एक सोय आहे. चिनी भाषेत प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतील श्वासाचा फरक अर्थ बदलतो. इंग्रजाच्या कानाला तो पकडणे जड जाते, आपण मात्र तो बाराखडीतच शिकलेलो असतो. कोटणिसांना त्याचा उपयोग झाला असावा, असे माझे अनुमान आहे. सुरांचे कष्ट त्यांना इतरांइतकेच पडले असणार.

त्यांचे विद्यार्थी कोण होते? बहुतेक खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले. कित्येकांचे शिक्षण जेमतेम. त्यांना काही महिन्यांत जखम धुणे, गोळी काढणे, हाड बसविणे शिकून आघाडीवर जायचे होते. एक शब्द चुकीचा समजला तर त्याची किंमत जखमी सैनिक मोजणार. म्हणून कोटणीस चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले, आणि पुढे त्याच भाषेत विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहू लागले. पहिला भाग पुरा झाला. दुसरा चालू होता.

चिनी मंडळींनी त्यांना नाव दिले ते 'क दिह्वा'. 'क' व 'दि' हे कोटणीस या आडनावाचे चिनी रूप, आणि 'ह्वा' म्हणजे चीन. १९४१ च्या अखेरीस तेथेच परिचर्या शिकविणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत.

हे सारे वाचीत असता सुरगाण्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या तालुक्यातील पाड्यांवर घरी कोकणा, वारली किंवा कोळ्यांची बोली बोलली जाते. सीमेपलीकडे डांग व धरमपूर असल्याने गुजराती शब्दांचीही ये-जा असते. असे मूल सहाव्या वर्षी शाळेत बसते, आणि देशावरून किंवा खानदेशातून बदलून आलेले गुरुजी पुस्तकी मराठीत बोलू लागतात. मूल गप्प बसते. 'पोर मंद आहे' असा शेरा पडायला वेळ लागत नाही. वास्तविक तेथे गुरुजीच परदेशात आलेले असतात, पण परकेपणाची शिक्षा मुलाला भोगावी लागते. याला अपवाद असणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. पाड्यावर राहून, म्हाताऱ्यांशी बोलून, वर्षभरात बोली समजू लागलेले. त्यांच्या वर्गातील मुले बोलतात. प्रमाण मराठी शिकवूच नये, असे मी म्हणत नाही, ती मुलाला हवीच. प्रश्न इतकाच आहे की पहिले पाऊल कोणी टाकायचे. आपल्यापैकी पुष्कळजण पुढे शिक्षक होणार आहेत, आणि त्यांतले काही याच मातीतले असल्याने त्यांच्या हाती बोली आणि पुस्तक दोन्ही असतील. ही पुंजी एम्पसन यांच्याजवळ नव्हती आणि कोटणिसांना ती कष्टाने मिळवावी लागली.

कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्यावी असा सहकाऱ्यांचा आग्रह होता, पण काम चालूच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपे प्रांतातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. वय बत्तीस वर्षे, मुलगा तीन-साडेतीन महिन्यांचा. तो मुलगाही वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. ग्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. कोटणिसांची समाधी शिच्याच्वांग शहरात आहे. त्याच शहरात त्यांच्या चिनी नावाने चालणारे एक वैद्यकीय विद्यालय आहे. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग त्यांच्या हातून अपुराच राहिला.