फुकटच्या इंटरनेटला नकार कशासाठी?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी फेसबुक खेड्यापाड्यांतल्या गरिबांना फुकट इंटरनेट देत होतं, ते सरकारने बंद पाडलं. ज्याला रिचार्ज परवडत नाही त्याला थोडं तरी मिळत होतं. शहरातल्या शिकलेल्यांनी तेही काढून घेतलं, असं मला वाटतं. यात चुकीचं काय होतं? – एक वाचक, बिडकीन

उत्तर : शंका रास्त आहे. त्या वेळी ती अनेक भल्या माणसांना पडली होती. आधी घडलं काय ते पाहू. फेसबुकने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही योजना 2013मध्ये जाहीर केली आणि फेब्रुवारी 2015मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीने भारतात आणली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे तिचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. टीका वाढली तेव्हा, डिसेंबर 2015मध्ये, मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून योजनेची बाजू मांडली. त्यात दाखला होता तो महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा. त्याला या योजनेतून हवामानाचा अंदाज आणि शेतमालाचे भाव कळू लागले होते. हा दाखला खोटा मानायचं कारण नाही. पावसाचा अंदाज वेळेवर कळण्याची किंमत बिडकीनकरांना मी काय सांगणार!

गोम होती ती 'इंटरनेट' या शब्दात. या योजनेत सगळं इंटरनेट नव्हतंच. फेसबुकच्या अटींत बसणारी ठरावीक संकेतस्थळं तेवढी होती, आणि तीही एकाच कंपनीच्या सिमवर. खुद्द फेसबुक त्यात होतं, यूट्यूब नव्हतं.

समजा, तुम्हाला पाचोडच्या बाजारात मोसंबी न्यायची आहे. एक अडत्या म्हणतो, 'छोटा हत्ती माझा, भाडं माझं, तुम्ही फक्त माल भरा. गाडी मात्र माझ्या आणि मी सांगेन त्या दोन-चार गाळ्यांपुढेच थांबेल.' पहिल्या खेपेला भाडं वाचतं. दहाव्या खेपेपर्यंत बाकीच्या गाळ्यांवर भाव काय चाललाय हे विचारायची सवय मोडते. ज्याला नवा गाळा टाकायचा आहे तो टाकतच नाही, कारण त्याच्या दारात गाडी थांबणार नसते. मोबाइलवरही तेच झालं असतं. पैसेवाल्याला अख्खा बाजार खुला, गरिबाला दुसऱ्याने निवडलेले चार गाळे. 'थोडं तरी मिळत होतं' या म्हणण्यातली खरी अडचण हीच आहे. ते थोडं कोणतं, हे घेणाऱ्याला ठरवता येत नव्हतं.

आता एक गैरसमज दूर करतो. फुकट इंटरनेटवर बंदी आलीच नाही. 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, नियम केला तो एवढाच, की ग्राहक काय पाहतो यावरून डेटाचा दर वेगळा ठेवायचा नाही. 'फ्री बेसिक्स' त्यात बसत नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने कित्येक महिने डेटा फुकट दिला. या नियमाची त्याला आडकाठी झाली नाही, कारण त्यावर कोणतंही संकेतस्थळ उघडत होतं. त्या फुकटाचीही किंमत पुढे मोजावी लागली. त्या दरयुद्धात मोबाइल कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, आणि 'फ्री बेसिक्स' आणणाऱ्या रिलायन्स कम्युनिकेशन्सनेही 2017च्या अखेरीस मोबाइल सेवा गुंडाळली.

तुम्ही न विचारलेली एक गोष्टही यात येते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. इंटरनेट गावात पोहोचवलं की पोहोचवणाऱ्याची जबाबदारी संपते का? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी माणसं होती. तशा अफवा त्या दिवसांत फेसबुकच्याच मालकीच्या व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ती आधी घालता आली नसती का? म्यानमारमध्येही असंच झालं. तिथे फेसबुक झपाट्याने पसरलं, पण बर्मी भाषेतला द्वेषाचा मजकूर वाचून रोखणारी माणसं फारच कमी होती. आपण पुरेसं केलं नाही, अशी कबुली कंपनीने 2018मध्ये दिली.

मग रिचार्ज न परवडणाऱ्याचं काय? त्याची सोय दानावर ठेवू नये, ती सार्वजनिक पैशातून व्हावी, असं माझं मत आहे. तशी तरतूदही आहे. मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातला 5 टक्के वाटा सरकारच्या 'डिजिटल भारत निधी'त (पूर्वीचा सार्वत्रिक सेवा निधी) जातो, म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधलेच काही पैसे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची, आता 'भारतनेट' म्हणून ओळखली जाणारी योजना केंद्राने ऑक्टोबर 2011मध्ये मंजूर केली, ती याच निधीतून. तुमच्याकडे 'ऑरिक' या औद्योगिक शहराच्या आखणीत कारखान्यांसाठी रस्ते, वीज, पाणी यांच्याबरोबर फायबरही धरलेलं आहे. मग ते गावालाही मिळायला हवं. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत विचारा : भारतनेटची जोडणी पंचायतीत चालू आहे का, आणि तिथून शाळा, आरोग्य केंद्र व वस्त्यांपर्यंत ती कधी जाणार?