मुलांचे कान फुटणे : ओळख, उपचार व प्रतिबंध

पावसाळ्यात व थंडीत सर्दी-पडशाचे प्रमाण वाढले, की खेड्यांतील अनेक घरांत एखाद्या तरी मुलाचा कान वाहू लागतो. "लहानपणी कान वाहायचेच, वय वाढले की आपोआप थांबेल" अशा समजुतीने पालक तिकडे दुर्लक्ष करतात. ही समजूत घातक आहे. कानातून पू येणे म्हणजे बहुधा कानाच्या पडद्यास छिद्र पडणे होय. हे छिद्र वेळीच भरून आले नाही, तर मुलाची श्रवणशक्ती कायमची मंदावू शकते. क्वचित जिवावरही बेतते. उलट वेळेवर उपचार झाले, तर बहुतेक मुलांचा कान पूर्णपणे बरा होतो.

कानाची रचना

कानाचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण व अंतर्कर्ण असे तीन भाग आहेत. बाहेरून दिसणारी पाळी व आत जाणारी नळी हा बाह्यकर्ण होय. नळीच्या शेवटी पातळ पडदा असतो. पडद्यामागील मध्यकर्णाच्या पोकळीत तीन चिमुकली हाडे असून ती आवाजाची कंपने अंतर्कर्णाकडे पोहोचवितात. ही पोकळी एका बारीक नलिकेने नाकामागे घशाशी जोडलेली असते. लहान मुलांत ही नलिका आखूड व जवळजवळ आडवी असल्यामुळे सर्दीचे जंतू घशातून मध्यकर्णात सहज शिरतात. मुलांचे कान मोठ्या माणसांपेक्षा अधिक वेळा फुटतात, त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

रोग कसा वाढतो

प्रथम सर्दी होते. नलिका सुजून बंद पडते व मध्यकर्णात पू साचतो. मुलास ताप येतो व कान ठणकतो. तान्हे मूल रडते, कान ओढते, दूध पीत नाही. पुवाचा दाब वाढला की पडदा फाटून पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. ठणका थांबला म्हणजे दुखणे बरे झाले, असे घरच्यांस वाटते. परंतु जपण्याची खरी वेळ तीच असते.

कान 14 दिवसांपेक्षा कमी काळ वाहत असेल, तर तो तीव्र संसर्ग समजावा. 14 दिवस वा अधिक वाहत असेल, तर जुनाट समजावा. जुनाट दुखण्यात ठणका नसतो, म्हणूनच त्याकडे लक्ष जात नाही. स्राव थोडाच पण दुर्गंधीयुक्त असेल, तर आतील हाड झिजत असण्याचा संभव असतो. अशा रोग्यास बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

कान कोरडा करण्याची रीत

शेतात पाणी साचून राहिले की पिकाची मुळे कुजतात. निचरा झाला की पीक सावरते. वाहत्या कानाचेही तसेच आहे. तो कोरडा ठेवणे हा उपचाराचा पाया होय.

1. साबणाने हात धुवावेत.
2. धुऊन वाळविलेल्या मऊ सुती कापडाच्या तुकड्याची वात वळावी. काडीला कापूस गुंडाळून वापरू नये.
3. वात हलक्या हाताने कानात ठेवावी. ती भिजली की काढून टाकावी व नवी घालावी.
4. वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. ही क्रिया दिवसातून तीन वेळा करावी.

याबरोबरच मुलास उपकेंद्रात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तीव्र संसर्गात पोटात घेण्याचे औषध दिले जाते. दोन दिवसांत बरे वाटले तरी ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण द्यावे. जुनाट संसर्गात कानात घालण्याचे थेंब देतात. ते कान कोरडा केल्यानंतरच घालावेत. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत, कारण पडदा फाटलेला असता काही औषधांनी अंतर्कर्णास इजा होते.

काय करू नये

कोमट तेल, लसणाचे तेल, दूध अथवा पाल्याचा रस वाहत्या कानात घालू नये. त्यामुळे ओल वाढते, जंतू आत जातात व बुरशीही धरते. काडी, पिन वा किल्ली यांनी कान कोरू नये. कान बरा होईपर्यंत विहिरीत, तळ्यात वा नदीत पोहू नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी बसवावा व नंतर लगेच काढावा.

सुगीच्या दिवसांत मुले खेळता खेळता हरभऱ्याचा वा तुरीचा दाणा कानात घालतात. अशा वेळी पाणी घालू नये. दाणा फुगून घट्ट बसतो. तो घरी न काढता दवाखान्यात काढून घ्यावा.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे

कानामागे दुखरी सूज येणे, तोंड वाकडे होणे, भोवळ येणे, तीव्र डोकेदुखीसह उलट्या, मान ताठरणे, झटके अथवा ग्लानी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. दोन महिन्यांखालील अर्भकाचा कान वाहत असल्यास त्यासही तत्काळ रुग्णालयात न्यावे.

प्रतिबंध

पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये. चुलीचा व विडीचा धूर मुलांच्या नाकात जाऊ देऊ नये. धुरामुळे कानाचे विकार वाढतात. गोवराच्या दुखण्यात कान फुटण्याची भीती असते, म्हणून गोवर-रुबेला लसीच्या दोन्ही मात्रा द्याव्यात. न्यूमोकोकस जंतूंविरुद्धची लस 2017 पासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली व 2021 मध्ये ती देशभर लागू झाली. ती विनामूल्य मिळते.

कार्यकर्त्यांचे काम

ऐकू कमी येणारे मूल वर्गात मागे पडते आणि "मठ्ठ" ठरते. दोष बुद्धीचा नसून कानाचा असतो. अशी मुले हुडकण्यास सोपी कसोटी आहे. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, त्याचा एक कान झाकावा व ओळखीचे शब्द कुजबुजत्या आवाजात उच्चारून ते परत म्हणावयास सांगावे. दोन्ही कान असेच तपासावेत. शब्द न सांगता आल्यास मुलास तपासणीस पाठवावे.

केंद्र शासनाचा राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2006-07 मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतील व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी होते. पथक गावी येण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने आशा सेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्या मदतीने कान वाहणाऱ्या मुलांची यादी तयार ठेवावी, आणि उपचार सुरू झालेल्या घरी आठवड्याने पुन्हा जाऊन कान कोरडा झाला की नाही हे पाहावे. वात कोरडी निघू लागली तरी तेवढ्यावर न थांबता, पडदा भरून आला की नाही हे वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घेण्यास पालकांस सांगावे.