ख्यालगायिका आणि लोकप्रिय गीत

शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेला गायक पॉप संगीताकडे वळला की त्याने आपली विद्या सोडली, असा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर काढला जातो. शुभा मुद्गल यांची कारकीर्द पाहिली तर हा निष्कर्ष टिकत नाही.

अलाहाबाद येथे १९५९ मध्ये जन्मलेल्या शुभा मुद्गल यांनी प्रथम रामाश्रय झा यांच्याकडे तालीम घेतली. पुढे विनयचंद्र मौद्गल्य, वसंत ठकार आणि ठुमरीसाठी नैनादेवी हे गुरू लाभले. जितेंद्र अभिषेकी व कुमार गंधर्व यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. मराठी वाचकाने या शेवटच्या दोन नावांपाशी जरा थांबावे. कुमारांनी माळव्याच्या लोकधुनांत रागांची बीजे शोधली. अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘लेकुरे उदंड जाली’ (१९६६) अशा सर्वस्वी भिन्न प्रकृतीच्या नाटकांना संगीत दिले. कुंपण ओलांडणे हे शिष्येने बाहेरून आणलेले नव्हते. ते गुरूंच्याच घरी होते.

‘अली मोरे अंगना’ ही ध्वनिफीत १९९६ मध्ये आणि ‘अब के सावन’ १९९९ मध्ये निघाली. उपग्रह वाहिन्यांमुळे ही गीते घरोघरी पोचली. त्या काळच्या चित्रपटगीतांत स्त्रीचा आवाज म्हणजे उंच पट्टीतला, नाजूक आवाज, असे समीकरण रुळले होते. येथे मात्र भरदार, मोकळा आवाज ऐकू आला.

ख्यालात गायक विलंबित लयीत बोल पसरवीत जातो, समेवर येऊन मिळतो, आणि तबलजी त्याच्याबरोबर चालतो. पॉप गीतात ठेका आधीच आखलेला असतो. वाद्ये पुष्कळदा निरनिराळ्या वेळी मुद्रित होतात. सारे चारपाच मिनिटांत आटोपावयाचे असते. विस्ताराला तेथे जागा नाही. उरतो तो स्वराचा लगाव आणि शब्दाचा उच्चार, आणि या दोन्ही गोष्टी तालमीवाचून येत नाहीत. साथीदाराशी ऐन वेळी घडणारा संवाद मात्र हरवतो. ही हानी लहान नव्हे, आणि चाहत्यांनी ती नाकारू नये.

‘मन के मंजीरे’ (२०००) या गीतसंग्रहाने स्त्रियांवरील हिंसाचाराचा विषय लोकप्रिय गीतात आणला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. ख्याल व ठुमरीच्या मैफली या काळातही चालूच होत्या. २००३ मध्ये तबलावादक अनीश प्रधान यांच्यासमवेत त्यांनी ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था स्थापन केली.