वऱ्हाडातील उन्हाळी परसबाग : आधी बादल्या मोजा, मग वाफे आखा



माघ सरत आला की आपल्याकडे शेतातील कामांचा ताण कमी होतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपते, तूर घरात येते, हरभरा काढणीला येतो. घरामागील परसात उन्हाळी भाजीपाल्याचे बी टाकण्याची हीच वेळ असते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या दिवसांत पुष्कळ घरी परसबाग सुरू होते, पण त्यांतील कितीतरी बागा एप्रिलअखेर वाळून जातात. दोष बियाण्याला दिला जातो. खरे कारण बहुधा पाण्याचे असते. फेब्रुवारीत विहिरीत पाणी दिसते म्हणून एक-दोन गुंठ्यांत लागवड केली जाते आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की तेवढ्या क्षेत्राला पाणी पुरत नाही. मग सर्वच वाफ्यांना थोडे थोडे पाणी दिले जाते आणि एकही वाफा धड पिकत नाही.

म्हणून परसबागेचा आकार जागेवरून न ठरवता मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावा. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. भाजीपाल्याला मार्चमध्ये दररोज सुमारे ५ मिलिमीटर आणि मे महिन्यात सुमारे ८ मिलिमीटर पाणी लागते. १० फूट लांब व ३ फूट रुंद वाफा धरला, तर मार्चमध्ये त्याला रोज १४-१५ लिटर, म्हणजे एक बादली, आणि मे महिन्यात दीड बादली पाणी हवे. पाच माणसांच्या घरात आंघोळीचे, भांड्यांचे व भाजी-धान्य धुतलेले मिळून १५०-१६० लिटर पाणी रोज मोरीतून वाहून जात असेल, तर ते दहा बादल्या झाले. त्यावर मार्चमध्ये दहा वाफे चालतात, मे महिन्यात मात्र सहा-सातच. आपल्या घरचा आकडा दोन दिवस प्रत्यक्ष मोजून काढावा. अंदाज नेहमी जास्तीचा निघतो.

यातून लागवडीची आखणी आपोआप ठरते. दहांपैकी तीन वाफे पालक, मेथी व सांबाराला द्यावेत. ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत उरकतात आणि त्यांच्या वाट्याचे पाणी उरलेल्या सात वाफ्यांना मिळते. दोन वाफ्यांत भेंडी, एकात गवार, एकात बरबटी, एकात वांगी आणि दोन वाफ्यांत वेल लावावेत. वेलांमध्ये काकडी, दोडके, दुधी यांबरोबर ढेमसे विसरू नये. सांबार, मुळा असा कच्चा खाल्ला जाणारा भाजीपाला सांडपाण्यावर घेऊ नये. त्याला भाजी किंवा डाळ-तांदूळ धुतलेले स्वच्छ पाणी द्यावे. आंघोळीचे पाणी विटांचे तुकडे, जाड रेती व बारीक रेती भरलेल्या खड्ड्यातून गाळून घ्यावे. कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी वाफ्यांत मुळीच सोडू नये. त्यातील सोडियममुळे आपली काळी जमीन आणखी चिवट होते.

खारपाणपट्ट्यासाठी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतील बंधूंसाठी पाण्याच्या मापाइतकेच त्याच्या चवीचे महत्त्व आहे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्यावे. अहवालात विद्युतवाहकता २.२५ डेसीसायमनपेक्षा अधिक आली, तर त्या पाण्यावर परसबाग करण्याच्या भरीस पडू नये. वान व शहानूर धरणांवरील योजनांचे नळाचे पाणी ज्या गावांना मिळते, तेथे घरातील आंघोळीचे वापरलेले पाणीसुद्धा स्वतःच्या विहिरीच्या ताज्या पाण्यापेक्षा बागेला चांगले ठरू शकते. ते मोरीत वाया घालवणे परवडणारे नाही.

पिकांची निवडही येथे वेगळी करावी लागते. सर्व पिके क्षार सारखे सोसत नाहीत. जमिनीच्या अर्काची क्षारता १ डेसीसायमनपुढे गेली की घेवड्याचे उत्पादन घटू लागते. कांद्याचे १.२ ला, मिरचीचे १.५ ला, तर काकडीचे २.५ ला घटू लागते. बरबटी जवळजवळ ५ पर्यंत आणि गवार ८ च्याही पुढे तग धरते. तेव्हा खाऱ्या भागात गवार व बरबटीचे वाफे वाढवावेत आणि घेवड्याचा नाद सोडावा. सरी-वरंब्यावर बी टोकताना ते वरंब्याच्या माथ्यावर न टोकता बगलेला मध्यावर टोकावे. ओल वर चढून सुकते तेव्हा क्षार माथ्यावर जमा होतात आणि कोवळा कोंब तेथेच जळतो. पाणी पानांवर न शिंपडता सायंकाळी बुंध्याशी द्यावे.

पेरणीची वेळ

फेब्रुवारीच्या पंधरा तारखेपर्यंत टोकण पूर्ण करावी. भेंडी, गवार व काकडी सुमारे ४५ ते ५० दिवसांत तोडणीला येतात, म्हणजे कडक उन्हापूर्वी महिनाभर माल मिळतो. मार्च उलटल्यावर टोकलेल्या वेलांची फुले ऐन तापात येतात. तापलेल्या दिवसांत वेलांवर नर फुलेच जास्त येतात व फळधारणा होत नाही. वेल हिरवागार आणि फळ मात्र नाही, ही तक्रार बहुधा अशा उशिराच्या पेरणीची असते. फेब्रुवारीतील थंड रात्रींमुळे उगवण रेंगाळू नये म्हणून वेलवर्गीय बी ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवावे व मोड दिसताच टोकावे. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. मिळाल्यास आपल्या विद्यापीठाचा 'अकोला बहार' हा भेंडीचा वाण लावावा. शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसताच उपटून नष्ट करावे. तो रोग पांढरी माशी पसरवते आणि फवारणीने बरा होत नाही.

उगवण झाल्यावर दोन ओळींत तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार दोन-तीन इंच जाड अंथरावे. आच्छादनाने ओल टिकते आणि तण दबते. वेलांच्या मांडवाला व कुंपणाला तुराट्या वापराव्यात. पऱ्हाटी हाताशी असते खरी, पण तिच्यावरील न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ मध्ये विदर्भाने या अळीचा फटका चांगलाच सोसला आहे. परसातील कुंपणातून तिला पुढील हंगामापर्यंत आसरा देऊ नये.

मावा, तुडतुडे दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा व सकाळी गाळून १० लिटर द्रावण करावे. कपाशीसाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली परसातील भाजीवर कधीही रिकामी करू नये. २०१७ च्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. येथे तर भाजी तोडून त्याच दिवशी पातेल्यात जाते.

फुले व फळझाडे

वाफ्यांच्या कडेने झेंडू लावल्यास देवापुरती फुले मिळतात आणि सूत्रकृमींचा उपद्रवही कमी होतो. गॅलार्डिया आपले ऊन चांगले सोसते. मोगऱ्याची छाटणी हिवाळ्यात झाली असेल, तर आता नियमित पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या लागतात.

नवीन फळझाडे मात्र या दिवसांत लावू नयेत, मृगाचा पाऊस पडल्यावर लावावीत. लावलेल्या एक-दोन वर्षांच्या लिंबू-पेरूच्या रोपांजवळ आठ-दहा लिटरचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, तळाच्या छिद्रात सुताची वात घालावी व तोंडावर झाकण ठेवावे. मडके तीन-चार दिवसांनी भरावे लागते. खाऱ्या पाण्यावर लिंबू व संत्रा टिकत नाहीत. वरुड-मोर्शीकडील पाहुण्यांनी हौसेने कलम दिले, तरी खारपाणपट्ट्यात ते फक्त गोड्या पाण्याच्या मडक्यावरच वाढवावे. मोठ्या झाडांच्या खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी एक किलो मोरचूद व एक किलो चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत प्रत्येकी पाच लिटर पाण्यात भिजवून नंतर एकत्र करावा आणि मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.