पाळीचे दिवस आणि कामाचे दिवस

सुरत शहराच्या उत्तरेस, तापी ओलांडून उत्राणच्या पुढे, लोहमार्गालगत कोसाड हे गाव आहे. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा ते शहरात सामील झाले. पुढे झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी येथे मोठी वसाहत उभी राहिली. ताप्ती मार्गाने पोटापाण्यासाठी सुरतेस आलेली नंदुरबार, धुळे, जळगावकडील मराठी कुटुंबेही या परिसरात राहतात. पुरुष यंत्रमागावर किंवा रंगाईच्या कारखान्यात जातात. स्त्रिया घरी बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या व लेस लावतात आणि नगावर पैसे घेतात.

प्रस्तुत लेखकास एका आप्ताच्या घरी कोसाडला जाण्याचा योग आला. भिंतीवर आपल्याकडे असते तसेच ‘कालनिर्णय’ होते. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले होते, आणि काही तारखांना तांबड्या पेन्सिलीने गोल केला होता. ‘इतके दिवस दूध आले नाही की काय?’ असे सहज विचारले असता गृहिणी क्षणभर थबकल्या व म्हणाल्या, “ते दुधाचं नाही, भाऊजी. ते आमचं आहे.” पाळीच्या तारखांची ती नोंद होती. पाळी जवळ आली की त्या साड्यांचे गठ्ठे निम्मेच घेत, वरच्या मजल्यावर पाणी चढविण्याचे काम मुलाकडे देत, आणि चार दिवसांनी राहिलेले काम भरून काढीत. ही युक्ती त्यांना कोणी शिकविली नव्हती. अशा विषयावर पुरुषाने लिहावे की नाही, हा संकोच लेखकास त्याच दिवशी सोडावा लागला.

शरीरातील घटनाक्रम

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतच्या काळास एक चक्र म्हणतात. ते अठ्ठावीस दिवसांचेच असावे असा नियम नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत २१ ते ३५ दिवसांचे चक्र स्वाभाविक होय. नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींत पहिली काही वर्षे ते ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकते. रक्तस्राव बहुधा दोन ते सात दिवस चालतो.

चक्राच्या पूर्वार्धात बीजकोशात एक बीज परिपक्व होते व ते बाहेर पडते. उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन या द्रव्याच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर गर्भधारणेसाठी सज्ज होते आणि शरीराचे तापमान किंचित वाढते. गर्भ न राहिल्यास हे अस्तर गळून पडते. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारणपणे चौदा दिवसांच्या आसपास असतो. चक्र लांबते किंवा आखूड होते ते मुख्यतः पूर्वार्धामुळे. जपानचे डॉ. ओगिनो व ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी हे गणित विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मांडले. आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून अशा विषयांवर निर्भीडपणे लिहीत होते आणि त्यासाठी त्यांनी खटलेही सोसले.

पोटात कळा येतात त्या गर्भाशयाच्या आकुंचनामुळे. ते आकुंचन घडविणारी द्रव्ये अस्तरातच तयार होतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास व हलकी हालचाल केल्यास पुष्कळजणींना आराम पडतो. न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी घेण्यात काहीही गैर नाही.

अलीकडे चक्राच्या प्रत्येक आठवड्यासाठी निराळा आहार, निराळा व्यायाम व निराळे काम ठरवून देणारी वेळापत्रके प्रचारात आली आहेत. त्यांना भक्कम शास्त्रीय आधार मिळालेला नाही. खेळाडू स्त्रियांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरीत पडणारा फरक सरासरीने अगदी अल्प असतो व तो व्यक्तीगणिक बदलतो, असे त्यात दिसून आले. तेव्हा छापील वेळापत्रकापेक्षा भिंतीवरचे आपले स्वतःचे तांबडे गोल अधिक विश्वसनीय होत. तीन-चार महिने नोंद ठेवली म्हणजे आपले कोणते दिवस जड जातात हे ज्याचे त्याला कळते. एखादीला काहीच त्रास नसतो. तिने उगाच काम आवरते घेण्याचे कारण नाही.

विटाळ आणि विसावा

‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’ असे म्हणून आपल्या समाजाने या गोष्टीचे नाव घेणे पिढ्यान्‌पिढ्या टाळले. बाजूला बसण्याच्या चालीने स्त्रीला विसावा मिळत असे, असे तिचे समर्थन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. चूल आणि देवघर तिला बंद होत असे. पण शेतातील निंदणी-कापणी, शेणगोठा, धुणे यांतून तिची सुटका क्वचितच होई. ज्या कामात मान होता ते काढून घेतले आणि ज्यात कष्ट होते ते ठेवले, असा हा व्यवहार होता. गडचिरोलीच्या काही भागांत गावाबाहेरच्या कुर्माघरात स्त्रियांना हे दिवस काढावे लागतात. त्या झोपडीतील थंडी आणि सापकिरडू यांची भीती लक्षात घेता तिला विश्रांतिस्थान म्हणणे धाडसाचे होईल.

उसाच्या फडातील प्रश्न

कोसाडहून सायणच्या दिशेने निघाले की उसाचे मळे लागतात. दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांसाठी दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून मजुरांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल अगोदरच घेतलेली असते व मजुरी टनावर ठरते. पहाटेपूर्वी फडात जावयाचे, ऊस तोडून साळावयाचा, मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवावयाच्या. पालावर शौचालय नाही, न्हाणी नाही. कापड बदलावयाचे ते उसाच्या आडोशाला. अशा ठिकाणी तांबडा गोल करून काय उपयोग, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण जाते.

मराठवाड्यातील बीड जिल्ह्याने या प्रश्नाचे भीषण रूप दाखविले. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे दर सहांपैकी एक, आणि त्यांत चाळिशीच्या आतील कितीतरी होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जास्त रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन या स्त्रिया खाजगी दवाखान्यांत गेल्या. कर्करोगाचे भय दाखविले गेले आणि ‘पिशवी’ निघाली. पाळी नको, म्हणजे खाडा नको आणि मुकादमाचा दंडही नको, हा हिशेबही त्यामागे होता. कामाने स्त्रीच्या शरीराशी जुळवून घेण्याऐवजी स्त्रीनेच शरीराचा अवयव देऊन कामाशी जुळवून घेतले. दुधाचा खाडा आणि मजुरीचा खाडा, शब्द एकच आहे; पण एकात पैसे वाचतात आणि दुसऱ्यात माणूस खर्ची पडते.

यांतील बहुतेक तक्रारींवर औषधे आहेत. जंतुसंसर्ग प्रतिजैविकांनी बरा होतो. अतिरक्तस्राव गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसविण्याच्या हार्मोनयुक्त साधनाने आटोक्यात येऊ शकतो. शस्त्रक्रिया हा अखेरचा उपाय होय. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेल्यास तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि मोळी उचलण्याची ताकद आणखीच घटते. ऑपरेशन सुचविले गेल्यास सोनोग्राफीचा कागद मागून घ्यावा व शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

आठ दिवसांहून अधिक स्राव, दर एक-दोन तासांनी कापड भिजणे, मोठ्या गाठी पडणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसणे, यांपैकी काहीही असेल तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

रजा कोणाला?

बिहार शासनाने १९९२ पासून आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना दरमहा दोन दिवसांची विशेष रजा दिली. जपानात अशी तरतूद १९४७ च्या कायद्यातच झाली. ओडिशाने २०२४ मध्ये महिन्यास एक दिवस जाहीर केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये वर्षास बारा दिवसांचे धोरण स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये या विषयावरील याचिका धोरणाचा प्रश्न म्हणून केंद्राकडे सोपविली. अशी रजा सक्तीची केल्यास मालक स्त्रियांना कामावरच घेणार नाहीत, ही शंकाही त्या वेळी बोलून दाखविली गेली. शंका निराधार नाही. परंतु रजा हजेरीपटावर नाव असलेल्यांना मिळते. टनावर आणि नगावर काम करणारीचे नाव कोणत्याच पटावर नसते. तिच्यासाठी रजेपेक्षा पाणी, आडोसा आणि कामाची अदलाबदल हीच निकडीची गोष्ट आहे.

टोळीत हे अशक्य नाही. पहिल्या दोन दिवशी त्या स्त्रीने ऊस साळावा, मोळ्या बांधाव्यात. गाडीत चढविण्याचे काम जोडीदाराने किंवा शेजारच्या कोयत्याने करावे आणि पुढे त्याची फेड व्हावी. तोड त्याने थांबत नाही. मुकादमाने पालालगत ताडपत्रीची एक न्हाणी व पाण्याचे एक पिंप ठेवले तरी पुष्कळ साधेल. कापड साबणाने धुऊन उन्हातच वाळवावे, लपवून दमट जागी नव्हे. पॅड असल्यास तो चार ते सहा तासांनी बदलावा.

रक्तक्षयाकडे विशेष लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण महाराष्ट्रात ५४ टक्के व गुजरातेत ६५ टक्के आढळले. ज्या शरीरात मुळातच रक्त कमी आहे, त्यास पाळीचे दिवस दुप्पट जड जातात. बाजरी-नागलीच्या भाकरीबरोबर कडधान्य व हिरवी भाजी असावी, वर लिंबू पिळावे, आणि जेवणानंतर लगेच चहा घेणे टाळावे. चहाने लोह अंगी लागत नाही.

शिक्षकांचा येथे मोठा वाटा आहे. शाळेत किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. नवापूर, नंदुरबारकडील ज्या मुली दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाणार आहेत, त्यांची यादी शिक्षकांनी आशा कार्यकर्तीस आधीच द्यावी आणि हंगामाच्या गोळ्या, खाण्याची रीत समजावून, आईच्या हाती पोहोचतील असे पाहावे. जाताना एक दिनदर्शिका व तांबडी पेन्सिल दिली तर तिचा खर्च फारसा नाही.