राखणीचा कुत्रा : कारवान कीं जर्मन शेफर्ड?

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याचा कुत्रा हा शोभेचा प्राणी नव्हे. बैलाप्रमाणें तोही घरचा एक गडीच आहे. बैल घेतांना आपण त्याचे दांत, खूर व चाल पाहतों. कुत्रा घेतांना मात्र केवळ रूपावर भुलतों. हल्लीं आपल्या वस्त्यांवर दोन जातींस विशेष मागणी आहे : एक कारवान, व दुसरी जर्मन शेफर्ड, जिला पुष्कळ लोक अल्सेशियन म्हणतात. या दोन जातींचें मूळ काम परस्परांविरुद्ध आहे, ही गोष्ट लक्षांत घेतल्यास निवड करणें सोपें जाईल.

कारवान ही महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या पठारी मुलखांतील जात होय. पूर्वीच्या मुधोळ संस्थानांत राजे मालोजीराव घोरपडे यांनीं तिची विशेष जोपासना केली, म्हणून तिला मुधोळ हाउंड असेंही नांव आहे. नराची उंची २७ ते २९ इंच. अंग कृश, छाती खोल, पाय लांब, केंस आंखूड. हा कुत्रा वासापेक्षां नजरेनें शिकार करणारा आहे. दूरवर कांहीं पळतांना दिसलें कीं धन्याच्या हुकुमाची वाट न पाहतां तो झेपावतो. आपल्याकडील ऊन त्यास मानवतें. परक्यानें अंगाला हात लावलेला त्यास खपत नाहीं.

जर्मन शेफर्डचा इतिहास निराळा आहे. १८९९ सालीं माक्स फॉन श्टेफानित्स या लष्करी अधिकाऱ्यानें जर्मनींतील मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात निश्चित केली. त्या देशांत उभ्या पिकांमधील पडीक पट्ट्यांत मेंढरें चरत, आणि कुत्रा पिकाच्या कडेनें दिवसभर येरझारा घालून एकही मेंढरूं पिकांत शिरूं देत नसे. म्हणजे हा चालतें-बोलतें कुंपणच होता. नराची उंची सुमारें २४ ते २६ इंच व वजन ३० ते ४० किलो असतें. तो शिकवण चटकन घेतो. परंतु शिकविणारा माणूस रोज जवळ असावा लागतो. काम न मिळाल्यास तो भुंकून व वस्तू फाडून घर डोक्यावर घेतो. त्याच्या केसांचा थर दुहेरी असल्यानें वैशाखांतील उन्हांत त्याचे हाल होतात.

येथें स्वतःचा एक अनुभव सांगणें अवश्य वाटतें. आमच्या वस्तीवर एक कारवान होता. दिवसभर साखळीस बांधावयाचा व रात्रीं मोकळा सोडावयाचा, असा आमचा शिरस्ता. एके सायंकाळीं साखळी सुटतांच शेजाऱ्यांचें करडूं बांधावरून उड्या मारीत पळालें, आणि आम्ही हाक मारीपर्यंत कुत्र्यानें तें गांठून मारिलें. करडाची किंमत आम्हीं भरून दिली; परंतु शेजाऱ्यांच्या लहान मुलीनें तें बाटलीनें दूध पाजून वाढविलें होतें, त्याची भरपाई कोठून करणार? त्यांत अपराध कुत्र्याचा नव्हता. पळणारें जनावर धरणें हेंच ज्याच्या कुळाचें काम, त्यास दिवसभर जखडून ठेवणारे आम्हीच दोषी होतों.

यावरून निवडीचे नियम येणेंप्रमाणें सांगतां येतील. ज्यांच्या जमिनीस चांगलें कुंपण आहे व ज्यांस रोज कुत्र्यास मनसोक्त धांवूं देणें शक्य आहे, त्यांनीं कारवान ठेवावा. शेजारीं मोकळ्या शेळ्या-कोंबड्या असल्यास पिलास त्यांची संवय लहानपणापासून लावावी. तरीही पूर्ण भरंवसा ठेवूं नये. सशाच्या वा हरणाच्या मागें त्यास सोडणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. ज्यांच्या घरीं सकाळ-सायंकाळ कुत्र्यास वेळ देणारें माणूस आहे व दुपारीं दाट सांवली आहे, त्यांनीं जर्मन शेफर्ड घ्यावा. ज्यांस केवळ परका आल्याची वर्दी पाहिजे, त्यांनीं गांवठी पिलूं पाळावें. तें काटक असून आपल्या हवेंत रुळलेलें असतें.

खरेदीच्या वेळीं आईबाप पाहावे. जर्मन शेफर्डमध्यें मागील पायाच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष वंशपरंपरेनें येतो. म्हणून आईबापांच्या खुब्याचें क्ष-किरण चित्र मागावें, व ज्यांची पाठ मागें फार उतरती आहे अशांचीं पिलें टाळावीं. कारवानाच्या शुद्ध पिलांसाठीं मुधोळजवळील तिम्मापूर येथें कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें केंद्र आहे. कारवान कृश असला म्हणजे उपाशी आहे असें समजून त्यास लठ्ठ करूं नये. कृश अंगाच्या शिकारी जातींस भुलीचीं कांहीं औषधें फार वेळ बाधतात, यासाठीं शस्त्रक्रियेपूर्वीं पशुवैद्यास जात अवश्य सांगावी.

दोन्ही जातींस पुढील गोष्टी सारख्याच लागू आहेत. कांदा-लसूण घातलेलें कालवण देऊं नये. तें कुत्र्याच्या रक्तास विषारी आहे. मेंढीचें कच्चें काळीज किंवा फुफ्फुस खाऊं घालूं नये. त्यांतील जंतांच्या गाठी कुत्र्याच्या पोटांत वाढून, त्याच्या विष्ठेवाटे तो रोग माणसांस व जनावरांस जडतो. पिलूं तीन महिन्यांचें होतांच पिसाळरोगाची लस टोंचावी व पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती पुन्हां टोंचीत जावी. कुत्रा चावल्यास जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद-चुना लावण्यांत वेळ दवडूं नये.

सारांश, कुत्रा आणण्यापूर्वीं आपणांस कोणता आवडतो हें विचारूं नये; आपण त्यास कोणतें काम, किती जागा व किती वेळ देऊं शकतों हें विचारावें. उत्तर प्रामाणिक असल्यास धनी, कुत्रा व शेजारी या तिघांचेंही कल्याण होईल.