देवाकडून उचल घेता येत नाही

माझं माहेर नाशिकचं, शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं. नोकरी मात्र सगळी जव्हार-मोखाड्यात, आश्रमशाळांमध्ये झाली. माहेरी देवाकडे जाणं म्हणजे घंटा झाली की धुतले कपडे घालून मंदिरात जाऊन बसणं. इथे पाड्यावर कुणाच्या तरी ओटीवर, सारवलेल्या जमिनीवर आमची उपासना व्हायची. विश्वासाने देवाजवळ जाणं म्हणजे काय, ते मला या ओट्यांवर समजत गेलं. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय दोन गोष्टी मागतो. देव आहे हे मानायचं, आणि शोधणाऱ्याला तो रित्या हाताने परत पाठवत नाही हेही मानायचं. पहिली गोष्ट बहुतेकांना पटते. दुसरी अंगी बाणायला आयुष्य लागतं.

1. देव मुकादम नाही

दिवाळीच्या सुमारास मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो, आणि माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल फिटेपर्यंत मान वर करता येत नाही. आपल्या पुष्कळ प्रार्थना याच हिशोबाने चालतात. पोरगी पास होऊ दे, मग वर्षभर एकही रविवार चुकवणार नाही. म्हणजे आधी पदरात पाडून घ्यायचं आणि मग भक्तीने फेडत बसायचं. असं मागणारा फेडून झालं की मोकळा होतो, आणि नाही मिळालं की रुसतो. दानीएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण धगधगत्या भट्टीपुढे उभे होते. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवलं नाही तरी आमचा नेम ढळणार नाही, अशा अर्थाचं ते राजाला बोलले. मागावं जरूर, पोटच्या पोरासारखं हट्टाने मागावं. मागण्याला अट जोडू नये.

2. नाताळ भट्टीवरही येतो

डिसेंबरात मोखाड्याचे कितीतरी पाडे ओस असतात. म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं, एवढंच गाव उरतं. बाकीच्यांचा नाताळ भट्टीवर, गवताच्या खोपीत. तिथे पाळक नाही, वेदी नाही, सुटीही नाही. शोमरोनी बाईने येशूला विहिरीवर विचारलं होतं, भक्ती नेमकी कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमेत? त्याने दोन्ही जागांचा आग्रह सोडायला सांगितलं आणि आत्म्याने व खरेपणाने भक्ती करण्यावर बोट ठेवलं. रात्री विटा थापून थकलेल्या बाईने लेकरं निजवता निजवता प्रभूचं नाव घेतलं, तर तिची उपासना कुठल्याही कॅथेड्रलच्या तोडीची आहे. चैत्र-वैशाखात राब भाजताना, आषाढात आवणीला चिखलात वाकलेलं असताना लांब प्रार्थना होत नाही. दोन वाक्यांची होते. ती रोज व्हावी.

3. आपल्या बोलीत बोला

शहरातून आलेला पाहुणा जड शब्दांत प्रार्थना करू लागला की पाड्यावरच्या बाया गप्प होतात. त्यांना वाटतं, देवाला हीच भाषा कळते. फादर स्टीफन्सने 1616 साली ख्रिस्ताची कथा ओवीत आणली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. त्यानंतर त्यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठी बायबलच्या कामात 1922 साली अखेरच्या दिवसांपर्यंत गुंतल्या होत्या, ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. या तिघांचा मान राखायचा तर वारली बाईला वारलीत, कोकणा बाईला कोकणा बोलीत प्रार्थना करू द्या. मध्येच दुरुस्त्या करू नका.

4. तक्रार असेल तर ती देवाकडेच न्या

जव्हारची ओळख मुकण्यांचा राजवाडा आणि थंड हवा अशी सांगतात. 1992 साली वावर-वांगणीतली बालकं कुपोषणाने दगावली, तेव्हा महाराष्ट्राला दुसरं जव्हार दिसलं. अशा ठिकाणी 'सगळं देवाच्या इच्छेने होतं' हे वाक्य तोंडातून काढताना जीभ अडखळायला हवी. लेकरू गेलेल्या आईपुढे मी ते कधी उच्चारत नाही. हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाची सुरुवातच देवाला जाब विचारून करतो: किती काळ हाका मारू? शेवटी तोच म्हणतो की अंजिराला फूल नसलं, शेतात दाणा नसला, गोठा रिकामा असला तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. लोक हा शेवट पाठ करतात आणि सुरुवात विसरतात. पण ज्याने भांडण मोकळेपणी केलं, त्याच्याच तोंडी तो आनंद शोभतो. रागावलेला माणूस देवापुढे उभा राहतो, तेव्हा त्याचा विश्वास शाबूत असतो. ज्याने बोलणंच टाकलं, त्याची मला जास्त काळजी वाटते.

5. प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवर करा

पावसाळ्यात साप चावला, ओहोळाला पाणी असलं, तरी रुग्णाला झोळीत घालून आधी रस्ता गाठायचा. आरोग्य केंद्र नाहीतर जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय. भगताकडे वेळ घालवू नका, असं आपण शेजाऱ्याला सांगतो, आणि आपल्याच मंडळीत कुणी प्रार्थनेसाठी रुग्णाला घरी थांबवून ठेवतं. दोन्हींत जीव सारखाच जातो. ज्याच्या नावाचं शुभवर्तमान आपण वाचतो, त्या लूकला पौलाने प्रिय वैद्य म्हटलं आहे. इंजेक्शन घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

6. शेजाऱ्याला वळसा घालून देवाकडे वाट नाही

इथे एका भावाच्या घरी बायबल असतं, दुसरा वाघबारशीला वाघदेवाला नारळ देतो. बांध सामाईक, विहीर सामाईक. बाप्तिस्मा झाला म्हणून भावाच्या देवाची टवाळी करणाऱ्याला मी विश्वासू म्हणणार नाही. नवं धान्य देवाला दिल्याशिवाय तोंडात न घालण्याची रीत इथल्या आदिवासींत जुनी आहे. आमच्या उपासनेत लोक नागली, वरईची पहिली पाटी घेऊन येतात, तेव्हा ती कृतज्ञता त्यांनी आजीकडूनच आणलेली असते. ती जपावी. दुसरी बाजूही तेवढीच कडक आहे: तांदूळ, औषध, शाळेचा प्रवेश यांचं आमिष दाखवून कुणाला प्रभूकडे ओढू नये. तसं आणलेलं माणूस तांदळाकडे आलेलं असतं. आणि भांडण असेल तर येशूचं सांगणं सरळ आहे. अर्पण वेदीपाशी ठेवा, आधी भावाशी समेट करा, मग परत या.

7. 'आमेन' म्हणून बसून राहू नका

मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. 2014 पासून त्याचं पाणी मुंबईला जातं, दिवसाला 455 दशलक्ष लिटर. त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. या पाण्यासाठी प्रार्थना करायची की नाही? करायचीच. पण सोमवारी ग्रामसभेत उभं राहायचं, पंचायत समितीत अर्ज द्यायचा, रोजगार हमीचं काम मागायचं, टाकीच्या कामाला श्रमदान करायचं. तहानलेल्याला दिलेलं पाणी आपल्यालाच दिलं, असं प्रभू मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगतो. याहून सरळ पत्ता त्याने दिलेला नाही.

तरुण मंडळी मला विचारतात, बाई, आमचा विश्वास कमी पडतो, काय करू? मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाच्या बापाने एकाच दमात दोन्ही सांगितलं: विश्वास आहे, आणि कमी आहे तो तू भर. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला. तेव्हा विश्वास पुरेसा साठेपर्यंत थांबू नका. आहे तेवढा घेऊन जा, आणि जाताना शेजाऱ्याच्या दारावरून जा.